भरून ठेवलेली थंडी

माझे वडील कंजूष नव्हते. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचून कोणालाही तसंच वाटेल. कंजूष माणूस फ्रीज घेतच नाही. बाबांनी फ्रीज घेतला, तो चालवायला किती वीज लागते हे त्यांना घेतल्यानंतर कळलं, आणि मग फ्रीजवाला म्हणून मिरवायचं पण फ्रीजची वीज मात्र जाळायची नाही, असा एक मधला मार्ग त्यांनी स्वतःच्या डोक्याने शोधून काढला. त्याला मूर्खपणा म्हणतात, पण तेवढ्या एका शब्दाने माझं समाधान होत नाही. ते जाऊन वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बाकीच्या सगळ्या गोष्टींत बोलते.

आम्ही तेव्हा गोकुळपेठेत एका घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. पुढे बैठक, मध्ये एक अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर, आणि अंगणाच्या पलीकडे एक सुटी खोली होती, तीत धोटे बाई राहायच्या. बाबा वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये हेडक्लार्क होते. रोज सकाळी आठला जेवणाचा डबा सायकलच्या हँडलला लटकवून अमरावती रोडने निघायचे आणि संध्याकाळी सहाला ट्रकांची धूळ अंगावर घेऊन परतायचे. कोणा मोठ्या साहेबांची बदली झाली, त्यांचं सामान बाबांच्या गोडाऊनमधून जाणार होतं, आणि नव्या गावी नवा फ्रीज घ्यायचा म्हणून साहेबांना जुना इथेच काढून टाकायचा होता. तो बाबांनी घेतला. किती दिले ते त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. संक्रांत नुकती झाली होती, नागपुरात पहाटे दोन पांघरुणं लागत होती, आणि अशा दिवसांत दोन हमालांनी तो पांढराशुभ्र, गोल खांद्यांचा फ्रीज आमच्या घरात आणून उभा केला. स्वयंपाकघराच्या दारातून तो जात नाही, असं बाबांनी जाहीर केलं. आईने नंतर विती टाकून पाहिलं, चार बोटं जागा उरत होती. पण स्वयंपाकघरात ठेवला असता तर बघायला येणाऱ्यांना चुलीपर्यंत यावं लागलं असतं, म्हणून तो बैठकीत, बरोबर दारासमोर राहिला. त्याच्या डोक्यावर आईने लग्नात विणलेला क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी आली.

आणि लोक आले. गल्लीत दुसरा फ्रीज नव्हता, त्यामुळे ज्यांच्याशी आमचं दिवाळीलाही जाणं-येणं नव्हतं तेसुद्धा काहीतरी निमित्त काढून आले. बाबा खुर्चीवरून उठायचे, दाराची मूठ ओढायचे, खट्ट असा आवाज व्हायचा, आत दिवा लागायचा आणि मंडळी वाकून आत बघायची. आत असायचं काय, तर पाण्याच्या सहा बाटल्या, कोथिंबिरीची जुडी आणि बर्फाचा ट्रे. तरी लोक बघायचे. एकदा एका गृहस्थांनी आत हात घालून पाहिला आणि "थंडी आहे बुवा" म्हणाले. बाहेर माघ महिना होता, त्यांच्या गळ्यात मफलर होता. बाबांनी मान अशी डोलावली जशी काही ती थंडी त्यांनी वाडीहून स्वतः वाहून आणली होती. मला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं असं आज लिहायला मला आवडलं असतं. वाटत नव्हतं. मी आठवीत होते आणि शाळेतल्या सगळ्या मुलींना सांगून झालं होतं.

धोटे बाई म्हणजे म्युनिसिपालटीच्या शाळेतल्या शिक्षिका. माहेर सावनेरकडचं, लग्न केलेलं नव्हतं, वय चाळिशीच्या आतबाहेर. मला त्या रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत इंग्रजी आणि गणित शिकवायच्या, फुकट. चुकलं की टपली मारायच्या आणि बरोबर आलं की काहीच बोलायच्या नाहीत, त्यामुळे बाई गप्प बसल्या की मला आनंद व्हायचा. त्यांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी सिरिंज आणि सुई उकळून त्या स्वतःच मांडीत इन्सुलिन टोचून घ्यायच्या. तोंडाने एक ते दहा आकडे म्हणत टोचायच्या, जसं काही वर्गात उजळणी घेत आहेत. डॉक्टरांनी त्यांना औषध थंड जागी ठेवायला सांगितलं होतं. त्यांनी काय केलं होतं, तर पाण्याच्या माठाजवळ एक मोठं मडकं, त्यात ओली रेती, रेतीत दुसरं लहान मडकं, त्यात औषधाची शिशी आणि वरून ओलं फडकं. सहा उन्हाळे तसे काढले होते. औषधाला काही झालं नव्हतं आणि बाईंनाही.

हे बाबांना बघवलं नाही. फ्रीज येऊन आठवडा झाला नसेल, ते अंगणातून बाईंच्या दारापर्यंत गेले.

"बाई, आमच्या घरी फ्रीज असून तुम्ही मडक्यात औषध ठेवता, हे बरं दिसते का?"

"मडक्यात चालून राहिलं ना भाऊ. सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं फ्रीज नव्हता. आता आहे ना. उद्या लोकं मलेच विचारतील, शेजारच्या बाईचं औषध मडक्यात अन् तुमचा फ्रीज कोथिंबिरीले काय?"

बाईंना नाही म्हणणं जड गेलं. शेजारी माणूस आपण होऊन दारात येतो, त्याला किती वेळा नाही म्हणायचं? शिवाय त्यांचाही फ्रीजवर विश्वास होताच, शिकलेल्या माणसाचा असतो तसा. शिशी आमच्याकडे आली. बाबांनी तिला मानाची जागा दिली, बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली, तिथल्या उथळ ट्रेमध्ये, कारण तिथे सगळ्यात जास्त थंड असतं. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला बर्फ दाखवून झाला की ती शिशीही दाखवली जायची. "शेजारच्या बाईंचं औषध आहे. जीवनमरणाचा प्रश्न. आपल्याकडे ठेवलं." ते रेतीचं मडकं बाईंनी भाजीवालीला देऊन टाकलं.

मग विजेचं बिल आलं. दुपटीहून जास्त. बाबांनी ते वाचलं, उलटं करून मागून वाचलं, आणि चहा न पिता मीटरखाली जाऊन उभे राहिले. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, असं आई म्हणाली ती चुलीकडे तोंड करून, म्हणजे ऐकू जाईल पण उत्तर द्यावं लागणार नाही. आमचं मीटर व्हरांड्याच्या भिंतीवर लाकडी पेटीत होतं. काचेआड एक चकती आडवी फिरते आणि तिच्या कडेला लाल खूण असते. त्या रविवारी बाबांनी घरातले सगळे दिवे, पंखे, रेडिओ बंद केले, मला स्टुलावर चढवलं आणि स्वतः हातात घड्याळ घेऊन खाली उभे राहिले. लाल खूण समोरून गेली की मी "एक" म्हणायचं, परत गेली की "दोन". दहा मिनिटं फ्रीज चालू ठेवून, मग दहा मिनिटं बंद ठेवून. बंद असताना चकती जागची हलली नाही. चालू असताना ती अशी फिरत होती की बाबांचा चेहरा माझ्या प्रत्येक आकड्याला उतरत गेला. पुढचे कितीतरी रविवार माझे त्या स्टुलावर गेले. बाकीच्या मुली लंगडी खेळत आणि मी चकती मोजत असे.

पहिला संशय आतल्या दिव्यावर गेला. दार लावलं की दिवा विझतो हे साहेबांच्या माणसाने सांगितलं होतं, पण बाबा म्हणाले, दार लावल्यावर आत जाऊन पाहिलं कोणी? दिवा काढला. फक्त रविवारी, पाहुणे यायच्या वेळी तो परत बसवायचे आणि पाहुणे गेले की काढून, रुमालात गुंडाळून कपाटात. बिलात काही फरक पडला नाही, हे सांगायला नकोच. मग होळीच्या पुढच्या आठवड्यात, एका सकाळी, आई नळावर पाणी भरत असताना त्यांना तो साक्षात्कार झाला. आमच्याकडे नळ सकाळी दोन तास यायचा. तेवढ्यात ड्रम, बादल्या, गुंड, कळश्या, अगदी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा आणि मग दिवसभर नळ नसला तरी कोणाचं अडायचं नाही. बाबा दात घासता घासता थांबले. म्हणाले, "पाणी भरून ठेवता येते, तर थंडी काहून नाही?"

हाच तो मधला मार्ग. रात्री हवा थंड असते, मोटरला त्रास कमी, म्हणून संध्याकाळी सहाला घरी आल्याबरोबर फ्रीज चालू करायचा आणि आतलं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवायचं. रात्रभर थंडी भरू द्यायची. सकाळी आठला वाडीला निघताना भिंतीवरचा खटका खाली. दिवसभर भरलेल्या थंडीवर चालवायचं. दार मात्र उघडायचं नाही, नाहीतर सांडते. असा हा उंटावरचा शहाणा रोज सकाळी खटका पाडून, फ्रीजच्या पाठीवर हात ठेवून, मोटर थरथरून खडाड करून थांबली की समाधानाने सायकलवर बसायचा. चैत्र लागला, मग वैशाख. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी घरात भिंतीला हात लावला तर चटका बसतो, वाळ्याच्या ताट्या दर अर्ध्या तासाला शिंपल्या तरी पाणी खाली टपकायच्या आत सुकतं, आणि अशा दुपारी आमचा फ्रीज बंद असायचा. चालायचा तो पहाटे, जेव्हा अंगणात झोपलेली माणसं पायाशी पडलेली चादर अंगावर ओढून घ्यायची.

आईने त्या फ्रीजमध्ये एकदाच काय ते दूध ठेवलं. थंडी भरायच्या पहिल्याच आठवड्यात ते नासलं तेव्हा तिने ते गूळ घालून आटवलं, बाबांना वाटीभर दिलं, आणि त्यानंतर दूध पूर्वीसारखं दोनदा तापवून जाळीच्या कपाटात जाऊ लागलं. दही, कढी, आंब्याचा रस, सगळं पूर्वीसारखं पाण्याच्या परातीत भांडं ठेवून. कैरीचं पन्हं माठाच्या पाण्यातच केलं जाई. ती मला म्हणाली, "तुह्या बाबाले सांग, दुपारी ते कपाट आहे. कपड्याच्या घड्या ठेवू का त्यात?" मी सांगितलं नाही. घरात कोणी कोणाला काही सांगायचं नाही अशीच पद्धत होती. बाबांनी मला वेगळं बजावून ठेवलं होतं, "घरचं बिल घरातच. फ्रीज बंद ठेवतो हे बाहेर गेलं तर लोकं हसतील." माझ्या घरात आज दोन दारांचा फ्रीज आहे, तो बारा महिने चोवीस तास चालतो, नातू त्याचं दार उघडून काय खावं याचा विचार करत पाच पाच मिनिटं उभा राहतो, आणि मी काही बोलत नाही. बिल मुलगा मोबाइलवर भरतो, आकडाही वाचत नाही. मला मात्र अजून, मोटर थांबल्याचा आवाज आला की, जागच्या जागी थबकायला होतं.

बाई सकाळी साडेसहाला शिशी घ्यायला यायच्या, शाळा सकाळची होती म्हणून. शिशी काढून ठेवायचं काम माझं. थंडी भरायला सुरुवात झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी फ्रीज उघडला तर शिशी ट्रेला चिकटली होती. ओढून काढली, हलवली, आतलं हललं नाही. औषधाचा पांढरा दगड झाला होता. बाबा अंगणात दाढी करत होते, मी त्यांना नेऊन दाखवली.

"गोठलं बाबा."

त्यांनी एक गाल साबणाचा तसाच ठेवून शिशी उजेडात धरली. मला आजही वाटतं की त्या क्षणी ते जर घाबरले असते तर मी त्यांना पुढचं सगळं माफ केलं असतं. पण ते खूश झाले. फ्रीजची ताकद दिसली होती.

"थंडीत खोबरेल तेल जमत नाही का? उन्हात ठेवलं का पुन्हा तेलाचं तेल. तसंच आहे हे. बाईले काही सांगू नको, त्या उगाच घाबरतील अन् मग बटण कमी करा म्हणतील. अन् कमी केलं तर दिवसभर पुरणार कसं?"

"मग आता देऊ काय त्यायले?"

"हातात धर जरा. वितळते."

मी शिशी मुठीत धरली. मूठ बधिर झाली की दुसऱ्या हातात घ्यायची, मग काखेत, परकराच्या घडीत. पाऊण तासात औषध वितळलं. बाई आल्या तेव्हा मी शिशी पुसून कोरडी केली होती आणि त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून मी साडेपाचलाच उठू लागले. आईला वाटलं, अभ्यासाला उठते. होळीनंतरपासून वैशाखापर्यंत, रोज, एकही दिवस न चुकता. बाबांना हिणवणं मला सोपं जातं आणि मी ते आयुष्यभर केलं, पण ते वितळवायला उठत नव्हते, मी उठत होते.

बाई वाळू लागल्या. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, उन्हाळ्यात सगळेच वाळतात. मग त्यांचं पोलकं खांद्यावरून उतरू लागलं. शिकवताना मधेच थांबून तांब्या तोंडाला लावायच्या. त्यांची तहान भागेना म्हणून त्या आमच्याकडे थंड पाणी मागायला यायच्या, दिवसातून चार वेळा, सहा वेळा. दुपारी दार उघडायचं नसल्यामुळे आई त्यांना माठातलंच भरून द्यायची. आणि बाबा? बाबांना त्यात फ्रीजची वाहवा दिसली. संध्याकाळी शेजाऱ्याला सांगत होते, "बाईले आता माठाचं पाणी चालतच नाही गा. फ्रीजचंच लागते." एका माणसाचं शरीर आतून जळत होतं आणि आमच्या बाबांना ती जाहिरात वाटत होती. डॉक्टरांनी औषधाचं माप वाढवून दिलं. मग आणखी वाढवलं. शिशी लवकर संपू लागली, नवी आली, तीही त्याच मानाच्या जागी गेली.

एकदा बाईंनी सिरिंज भरताना शिशी डोळ्यांजवळ नेली. "मंदा, यात कण दिसून राहिले. पहिले नव्हते." मी म्हटलं, "हलवून पाहा ना बाई." त्यांनी हलवली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचा फ्रीज रात्रंदिवस चालू असते ना वं?"

"हो बाई," मी म्हटलं. क्षणभरही अडखळले नाही. त्यांनी मला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, पण न अडखळता उत्तर द्यायला त्यांनीच शिकवलं होतं.

वैशाखातल्या एका भर दुपारी बाई अंगणातून तांब्या घेऊन निघाल्या आणि आमच्या ओट्यावरच बसल्या. आईने उठवायला हात धरला तर हात तापलेला, कोरडा, आणि श्वास असा भराभर जसा धावत आलेल्या माणसाचा. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. "झोप येऊन राहिली" एवढंच त्या म्हणाल्या आणि मान टाकली. आईने त्यांच्या डोक्याला ओला पंचा गुंडाळला, मी चौकातून सायकलरिक्षा आणली, आणि आम्ही दोघींनी मधे बाईंना धरून रामदासपेठेतला दवाखाना गाठला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रिक्षावाला डांबर चुकवून कडेने चालवत होता. आई वाटभर बाईंना हाका मारत होती.

डॉक्टरांनी बाईंना आत घेतलं आणि औषधाची शिशी मागवली. मी धावत घरी आले आणि ती घेऊन परत गेले. मी पोचेपर्यंत वाडीहून बाबाही आले होते, कोणीतरी गोडाऊनमध्ये फोन केला असावा. डॉक्टरांनी शिशी खिडकीकडे धरून तिरपी केली. काचेला आतून चिकटलेले कण मलाही दिसत होते.

"हे गोठलं होतं का कधी?" त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. बाबा पुढे झाले. "गोठेल कसं साहेब? घरी फ्रीज आहे. चोवीस तास चालू असते."

"अहो, फ्रीजमध्येच गोठतं. गोठलं की याच्यात काही राहत नाही. या बाई इतके दिवस नुसतं पाणी टोचून घेत होत्या म्हणा."

"आमचा फ्रीज तसा नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टरांना वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी शिशी कचऱ्याच्या बादलीत टाकली आणि आत गेले. दोन दिवस बाई शुद्धीवर नव्हत्या. आई रात्री तिथे बसायची, दिवसा घरी येऊन स्वयंपाक करायची आणि बाबांशी एक अक्षर बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि नर्सला तिच्या अक्षराबद्दल काहीतरी बोलल्या, तेव्हा आई घरी येऊन देव्हाऱ्यापुढे बसून रडली. त्याच दिवशी बिल आलं. ते खरंच कमी आलं होतं. बाबांनी ते दोनदा वाचलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, वाडीला दाखवायला. आणि बाई घरी येतील तेव्हा हाताशी असावी म्हणून औषधाची नवी शिशी आणली, फ्रीज उघडला आणि या वेळी ती दारातल्या कप्प्यात ठेवली. एवढी सुधारणा त्यांनी केली.

चौथ्या दिवशी सकाळी आठला बाबांनी डबा हँडलला अडकवला, चपला घातल्या, आणि निघताना सवयीने खटका खाली पाडला. बटण शेवटच्या आकड्यावर होतंच. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आज तरी राहू द्या," ती म्हणाली, चार दिवसांतलं पहिलं वाक्य. बाबा म्हणाले, "अवं, रात्री भरली ना थंडी. संध्याकाळपर्यंत पुरते." आणि सायकल रस्त्याला लागली. त्यांनी हे दुष्टपणाने केलं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाई मरता मरता वाचल्या, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, आणि तरी त्यांच्या डोक्यात थंडी भरलेलीच होती. मी खटका वर केला नाही. मला त्या फ्रीजला हात लावायची किळस आली. दारातून शिशी काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आईने न विचारता पितळी डबा पुढे केला, त्यात ठेवली आणि चालत निघाले.

बाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पाय आवरून जागा केली. मी बसले नाही. डबा हातात धरून, उजळणी म्हणावी तसं, सगळं सांगितलं. बिल, चकती, रात्री भरायची थंडी, शेवटच्या आकड्यावरचं बटण, सकाळी आठचा खटका, गोठलेली शिशी, बाबांचं खोबरेल तेल. साडेपाचला उठून मुठीत धरणं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. बाई एकदाही मधे बोलल्या नाहीत. त्या गप्प आहेत म्हणजे बरोबर चाललं आहे, असं मला त्या वेळीसुद्धा क्षणभर वाटून गेलं, त्याची मला आज लाज वाटते.

"तुह्या बाबाले माहीत नव्हतं, गोठल्यानं औषध खराब होते म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज अजून बारीक होता. "माणूस अडाणी आहे, जाऊ दे. मलेही माहीत नव्हतं. तुलेही नव्हतं."

"नाही बाई."

"मग माह्यासमोर काहून नाही वितळवली?"

बाई उत्तराची वाट बघत होत्या, वर्गात बघायच्या तशीच, घाई न करता. मला उत्तर येत होतं.

"तुम्हाले कळलं असतं म्हणून," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. मग हात पुढे करून माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून शिशी उजेडात धरून पाहिली, परत फडक्यात गुंडाळली, आणि डबा कॉटच्या पलीकडच्या बाजूला, माझा हात पोचणार नाही असा, ठेवला.